आधी नाव-पत्ता, मग जाहिरात: कोकणातल्या छोट्या उद्योगाची ऑनलाइन ओळख

कोकणातल्या घरगुती धंद्याला ऑनलाइन गिऱ्हाईक मिळतच नाही, असं क्वचित होतं. मिळालेलं गिऱ्हाईक वाटेत गळतं, हे मात्र रोज होतं. पाटीवर एक नाव, गूगलवर दुसरं, इन्स्टाग्रामवर तिसरं, आणि यूपीआयने आगाऊ रक्कम पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव. ठाण्यात बसून दोन खोल्या ठरवणाऱ्याला एवढ्याने शंका येते आणि तो शेजारच्या होमस्टेला फोन लावतो. म्हणून इथे जाहिरात अगदी शेवटी आहे. होमस्टे असो, खानावळ असो, आंब्याची बाग असो की काजू-कोकमाचा घरगुती उद्योग, खालची कामं एका माणसाला एका फोनवर दहा-बारा दिवसांत करता येतात.

नाव आणि अक्षर

नावाच्या तीन परीक्षा घ्या. फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला ते बरोबर लिहिता येतं का? तुमच्या तालुक्यात गूगल मॅप्सवर त्याच नावाचं आधीच कोणी आहे का? आणि इंग्रजीत त्याचं एकच स्पेलिंग होतं का? ही तिसरी परीक्षा कोकणात फार नडते. मालवण कोणी व्ही घालून लिहितं, कोणी डब्ल्यू. वेंगुर्ल्याच्या शेवटी कोणी ए लावतं, कोणी ई. दिवेआगर कोणी जोडून लिहितं, कोणी तोडून. गावाची नावं गूगलला पाठ आहेत, ती कशीही लिहिली तरी तो सांभाळून घेतो. तुमच्या धंद्याचं नाव त्याला नवीन असतं, तिथे ही सवलत नाही. एक स्पेलिंग ठरवा आणि पाटी, बिलबुक, गूगल, इन्स्टाग्राम, ईमेल सगळीकडे तेच वापरा.

‘साई’, ‘स्वामी’, ‘सागर’, ‘कोकण किनारा’ अशी नावं किनारपट्टीवर इतकी आहेत की शोधणारा हमखास चुकतो. श्रद्धेचं नाव ठेवायला काहीच हरकत नाही, पण त्याला वाडीचं, घराण्याचं किंवा अंगणातल्या झाडाचं नाव जोडा. ‘साई’ कुठेही असतो, ‘साई सुरंगी’ एकच असेल.

नाव पुढे ट्रेडमार्क करायचं असेल तर हे जोडणं आणखी महत्त्वाचं ठरतं. ‘मालवणी मसाला’ हे नाव एकट्याच्या मालकीचं करून मिळत नाही, कारण ते गावाचं आणि वस्तूचं वर्णन आहे. ट्रेडमार्कचा अर्ज वर्गानुसार असतो: ताजी फळं वर्ग ३१, काजूगर आणि प्रक्रिया केलेली फळं वर्ग २९, मसाले वर्ग ३०, सरबतं वर्ग ३२, राहण्या-जेवणाची सेवा वर्ग ४३. व्यक्ती आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांची असते. अर्ज केल्यावर नावाशेजारी टीएम लिहिता येतं. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी छापला तर तो गुन्हा ठरतो. पहिल्या हंगामात ट्रेडमार्क नसला तरी अडत नाही, पण दहा हजार लेबलं छापण्याआधी त्या नावाचा सरकारी संकेतस्थळावर शोध तरी घ्या.

लोगोवर फार पैसे घालू नका, अक्षरावर घाला. नारळाचं झाड, होडी आणि मावळता सूर्य हे तिन्ही एका गोलात बसवलेला लोगो व्हॉट्सॲपच्या छोट्या चित्रात नुसता डाग दिसतो. लोगो एक सेंटिमीटरपर्यंत लहान करून पाहा. नाव वाचता येत नसेल तर त्यातलं काहीतरी काढा. प्रोफाइलचं चित्र गोल कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं सगळं मधल्या वर्तुळात ठेवा. मुक्त आणि बलू हे ‘एक टाइप’चे देवनागरी फाँट मोफत आहेत, धंद्यालाही वापरता येतात आणि लांबून स्वच्छ वाचता येतात.

छपाईत मराठी कशी मोडते हे एकदा जवळून पाहून ठेवा. लोणच्याच्या बरणीवर ‘कैऱ्या’ असं हवं असतं, छापून येतं ‘कैर्या’. साधा र अर्धा करून पुढे य टाइप केला की संगणक त्याचा रफार करतो, ‘सूर्य’मध्ये होतो तसा. ‘कैऱ्या’, ‘भाकऱ्या’ यांना ऱ हे वेगळं अक्षर लागतं. फोनच्या बऱ्याच मराठी कीबोर्डांवर र दाबून धरला की ते मिळतं. दुसरी मोड वेलांटीची. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर ‘शिरोडा’तली वेलांटी श सोडून र वर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. मजकूर तुम्ही व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये लिहून पाठवा, छापखान्याला जुन्या फाँटमध्ये नव्याने टाइप करू देऊ नका. शेवटची फाइल अक्षरांचं चित्रात रूपांतर करून घ्या आणि छापण्याआधी एक प्रत कागदावर काढून दोन माणसांकडून मोठ्याने वाचून घ्या.

रंगाचंही तसंच. कोकमाचा झगझगीत गुलाबी फोनवर दिसतो तसा चाररंगी छपाईत उतरत नाही, मंद होतो. नमुना पाहिल्याशिवाय हजारोंची ऑर्डर देऊ नका. आणि साध्या कागदाचं लेबल कोकणच्या जुलैत काचेच्या बाटलीवर टिकत नाही, कडा सुटतात, बुरशी धरते. प्लास्टिक फिल्मचं, लॅमिनेशन केलेलं स्टिकर घ्या. दर नगामागे थोडा जास्त पडतो, पण दुकानदार माल परत पाठवत नाही.

वस्तू काय आहे ते स्पष्ट लिहा

आमसूल, आगळ आणि अमृत कोकम यांतला फरक घाटावरच्या गिऱ्हाईकाला माहीत नसतो. नुसतं ‘कोकम’ लिहून पाठवलेल्या बाटलीत आगळ असेल तर तो त्यात पाणी-साखर घालून सरबत करतो, ते खारट लागतं, आणि ‘खराब माल’ असा एका ताऱ्याचा अभिप्राय येतो. माल उत्तम होता, शब्द कमी पडले. म्हणून बाटलीवरही आणि ऑनलाइन यादीतही असं लिहा: ‘कोकम आगळ. कोकमाचा रस व मीठ. साखर नाही. सोलकढी व आमटीसाठी.’ आणि दुसऱ्यावर: ‘अमृत कोकम. साखर घातलेला पाक. एक भाग पाक, चार-पाच भाग पाणी.’

काजूचा आकडाही समजावून सांगा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा लहान तेवढा गर मोठा. हे एक वाक्य लिहिलं की ‘तुमचा काजू महाग का’ हा प्रश्न निम्मा संपतो.

हापूसच्या बाबतीत डझनाचा भाव सांगताना एका फळाचं वजनही सांगा: २०० ते २५० ग्रॅम, की २५० ते ३००. पेटीत कच्चा आंबा येतो, घरी पेंढ्यात ठेवून पिकवायचा, पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हे पैसे घेण्याआधी कळवा. साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं, बाहेरून दिसत नाही. तो निघाला तर तुम्ही काय करणार ते आधीच लिहून ठेवा: कापलेल्या फळाचा फोटो किती दिवसांत पाठवायचा आणि पैसे परत की बदली फळ. ज्या बागायतदाराने हा नियम यादीत वर लिहून ठेवलाय, त्याच्याशी गिऱ्हाईक मे महिन्यात भांडत नाही.

हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) २०१८ मध्ये मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम, वेंगुर्ल्याचा काजू आणि अलिबागचा पांढरा कांदा यांनाही मानांकन आहे. पण तुमची बाग देवगडात आहे एवढ्याने जीआयचं चिन्ह पेटीवर छापण्याचा हक्क मिळत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी लागते. ती करून घ्या. कर्नाटकातला आंबा त्याच नावाने विकला जात असताना तुमच्याकडे दाखवायला कागद असणं ही खरी ताकद आहे.

खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह आणि तुमचा १४ अंकी क्रमांक, घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची व वापरण्याची तारीख, बॅच क्रमांक, शाकाहारी चिन्ह, पूर्ण पत्ता आणि फोन हवा. तारीख पेनाने लिहू नका, शाई ओलाव्याला फुटते. शिक्का किंवा छापील स्टिकर वापरा.

गूगलवरची नोंद

एकच काम करण्याएवढा वेळ असेल तर हे करा. गूगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे. पर्यटक गावात पोहोचल्यावर ‘जवळपास जेवण’ असं शोधतो तेव्हा समोर येते ती हीच नोंद. नोंद वर दिसण्याला तीन गोष्टी कारण असतात: शोधलेल्या शब्दाशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणारा किती जवळ आहे आणि तुम्ही किती ओळखीचे आहात. अंतर तुमच्या हातात नाही. बाकी दोन्ही आहेत.

सगळ्यात आधी धंद्याच्या नावाने एक जीमेल खातं उघडा आणि त्याचा पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू द्या. मुंबईच्या भाच्याने स्वतःच्या खात्यावरून नोंद केली, मग त्याची नोकरी बदलली, फोन बदलला, आणि आता जुना नंबर कोणालाच काढता येत नाही. ही गत गावोगाव आहे. भाच्याला व्यवस्थापक म्हणून जोडा, मालकी तुमच्याकडे ठेवा. इन्स्टाग्राम आणि संकेतस्थळाचं डोमेन यांनाही हाच नियम.

नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच लिहा. ‘पाणंद होमस्टे बेस्ट मालवणी सीफूड तारकर्ली बीचजवळ’ असं भरलं तर नोंद गूगलच्या नियमाबाहेर जाते आणि निलंबित होऊ शकते. भर हंगामात असं झालं तर ती परत मिळवण्यात आठवडे जातात. ते बाकीचं सांगायला वर्ग आहेत: एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ जोडवर्ग. मुख्य वर्ग ज्यातून सर्वाधिक पैसे येतात तो. खोल्या दोन आणि जेवायला रोज पन्नास पानं असतील तर तुम्ही आधी खानावळ आहात. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. पहिल्या दोन ओळींत काय, कुठे आणि समुद्र किंवा एसटी स्टँड किती लांब, एवढं यायला हवं. राहण्याच्या व्यवसायाला काही रकाने वेगळे दिसतात, तिथे सुविधांची यादी प्रामाणिकपणे भरा. गरम पाणी फक्त सकाळी असेल तर तसं सांगा.

आता पिन. घरांना क्रमांक नाहीत, रस्त्यांना नावं नाहीत, पत्ता म्हणजे ‘अमुकवाडी, देवळामागे’. गूगलने आपण होऊन लावलेली पिन बहुतेक वेळा ग्रामपंचायतीवर नाहीतर गावाच्या मध्यावर पडते. नकाशा सॅटेलाइट दृश्यात उघडा, तुमच्या घराचं कौलारू छप्पर शोधा आणि गाडी जिथे उभी राहते त्या बेड्यावर किंवा फाटकावर पिन आणून ठेवा. मागच्या बाजूला पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) असेल तर विशेष जपा; नकाशा कधीकधी तिला रस्ता समजतो आणि रात्री नऊ वाजता पाहुण्यांची गाडी जांभ्याच्या पायऱ्यांशी येऊन अडते. असा चुकीचा मार्ग दिसला तर मॅप्समधूनच त्या रस्त्याची तक्रार नोंदवा. त्याच जागी बोट दाबून धरलं की प्लस कोड मिळतो. तो अक्षरांचा आणि अंकांचा छोटा कोड बिलबुकावर छापा आणि निरोपात पाठवा.

खाडीचा हिशेबही सांगावा लागतो. नकाशावर पलीकडचा काठ जवळ दिसतो, रस्ता मात्र पूर्ण वळसा घेतो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने येणाऱ्यांना शेवटच्या फेरीची वेळ तुम्ही स्वतः धक्क्यावर विचारून कळवा. नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका.

मालकीची खात्री हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओने होते. एकसलग, न कापलेला व्हिडिओ लागतो. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: बाहेरचा रस्ता आणि आजूबाजूच्या खुणा, पाटी आणि आतली जागा, आणि तुम्हीच चालवता याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडणं, परवान्याचा कागद, लाइटबिल. पाटी नसेल तर इथेच गाडी अडते, म्हणून आधी पाटी लावा. व्हिडिओ चढवताना रेंज गेली की सगळं पुन्हा करावं लागतं. चांगलं नेटवर्क ज्या वेळी असतं तीच वेळ निवडा. घरातून माल पाठवणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे गिऱ्हाईक प्रत्यक्ष येत नाही त्यांनी, पत्ता लपवून सेवाक्षेत्र भरावं.

एक धोका लक्षात ठेवा. नोंदीवर कोणीही बदल सुचवू शकतो, फोन नंबरसुद्धा. महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून तुमचं नाव शोधा आणि दिसणाऱ्या नंबरला फोन लावून पाहा. ‘गूगलमधून बोलतोय, नोंद चालू ठेवायला पैसे भरा, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. नोंदीला पैसे लागत नाहीत.

अभिप्राय मागायला लाजू नका, पण वेळ साधा. निघताना अंगणात मागितला तर रेंज नसते, आणि घरी पोहोचल्यावर माणूस विसरतो. गाडी आंबा घाट किंवा फोंडा घाट चढून गेली असेल अशा सुमारास व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा: ‘सुखरूप पोहोचलात का? दोन ओळी लिहिल्यात तर आम्हाला मदत होईल.’ अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा काजूचं पाकीट देऊ नका, ते नियमात बसत नाही.

वाईट अभिप्राय आला तर त्या रात्री उत्तर लिहू नका, दुसऱ्या दिवशी लिहा. ‘जेवण दीड तास उशिरा’ या तक्रारीला असं पुरतं: ‘त्या रात्री एकाच वेळी तीन कुटुंबं आली आणि आमचा अंदाज चुकला. तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा. आता संध्याकाळी पाचपर्यंत जेवणाची संख्या विचारून घेतो.’ हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या पन्नास वाचणाऱ्यांसाठी असतं.

व्हॉट्सॲप म्हणजे तुमचं दुकान

कोकणातला व्यवहार शेवटी व्हॉट्सॲपवरच ठरतो. बिझनेस ॲप मोफत आहे. घरचा नंबर त्यावर नेण्याआधी चॅटचा बॅकअप घ्या. शक्य असेल तर धंद्याला वेगळं सिम ठेवा, आणि ते तुमच्या घरात ज्या कंपनीची रेंज येते तिचंच घ्या.

कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, तुम्हाला दहा पुरतील. प्रत्येकीला वजन, भाव आणि एक ओळ. भाव न लिहिता ‘किमतीसाठी मेसेज करा’ लिहिण्याची रीत सोडून द्या, लोक पुढे निघून जातात. हापूसचा भाव आठवड्याला बदलतो, तर ‘१५ एप्रिलपर्यंतचा भाव’ असं लिहा.

झटपट उत्तरं आधी लिहून ठेवा. दिवसात वीसदा येणाऱ्या चौकशीला चार मिनिटांत पूर्ण उत्तर गेलं तर बुकिंग होतं, ‘हो, आहे’ एवढंच गेलं तर आणखी सहा प्रश्न येतात. नमुना असा, आकडे तुमचे घाला:

‘नमस्कार. दोन माणसांची खोली १,८०० रुपये, नाश्ता धरून. शाकाहारी थाळी २००, सुरमई थाळी बाजारभावाप्रमाणे, आदल्या दिवशी सांगतो. समुद्र चालत १२ मिनिटं. गाडी अंगणात राहते. खोलीत एसी नाही, पंखा व इन्व्हर्टर आहे. निम्मी रक्कम आगाऊ. ७ दिवस आधी कळवल्यास पूर्ण परत. पैसे पाठवताना खातेदाराचं नाव अमुक दिसेल, ते आमचंच आहे. तारीख आणि माणसं कळवाल?’

खातेदाराच्या नावाचं ते वाक्य गाळू नका. जमेल तेव्हा धंद्याच्या नावाने चालू खातं काढून यूपीआय त्याला जोडा. पैसे घेताना यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ‘दहा खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ अशी मोठ्या बुकिंगची लालूच दाखवून होमस्टेवाल्यांचीच खाती रिकामी केली जातात.

जुन्या गिऱ्हाईकांची यादी हा तुमचा खरा ठेवा आहे, इन्स्टाग्रामचे अनुयायी नव्हेत. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर जपून ठेवलाय त्यालाच निरोप पोहोचतो. म्हणून माल पाठवताना संपर्क-कार्डही पाठवा आणि ‘पुढच्या हंगामासाठी नंबर जपून ठेवा’ असं लिहा. ॲपमध्ये गिऱ्हाईकांच्या नावांना लेबलं लावा: ‘आंबा ५ डझन’, ‘कोकम’, ‘राहून गेले’. वर्षातून चार-पाच निरोप पुरेत. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि बरेच ब्लॉक झाले की नंबरच बंद पडू शकतो.

फोटो आणि रील

फोटोआधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती फडक्याने पुसा. खारी, दमट हवा तिच्यावर पातळ थर धरते आणि सगळे फोटो धुरकट येतात. लोकांना वाटतं फोन जुना झाला. जेवणाचा फोटो पडवीत किंवा खिडकीजवळ दिवसा काढा. पिवळ्या दिव्याखाली सोलकढीचा गुलाबी रंग मातकट दिसतो. खोलीचा फोटो कोपऱ्यात उभं राहून, छातीच्या उंचीवरून, आडवा. न्हाणीघराचा फोटो नक्की घाला, बायका तो आधी पाहतात. समुद्र दोन किलोमीटर लांब असेल तर पहिला फोटो समुद्राचा नको.

रील उभी, पहिल्या दोन सेकंदांत हालचाल असलेली: रातांबा (कोकमाचं फळ) फोडताना हात, पाटावर पसरली जाणारी फणसपोळी, भट्टीवरचा काजू. बोलणं घरच्या मालवणीत असलं तरी चालेल, खाली प्रमाण मराठीत अक्षरं द्या, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. बिझनेस खात्यावर सिनेमाची गाणी सहसा मिळत नाहीत, आणि मिळाली तरी ती धंद्यासाठी वापरण्याचा हक्क तुमच्याकडे नसतो. पावसाचा, लाटांचा, खलबत्त्याचा खरा आवाज ठेवा, तो जास्त चांगला लागतो. आठवड्याला दोन पोस्ट जमल्या तर खूप झालं.

जाहिरातीचे पैसे

वरचं सगळं झाल्यावरच. समजा रोज ३०० रुपये, सात दिवस, म्हणजे २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २,४७८. त्यातून ४० चौकशा आल्या आणि ५ पेट्या गेल्या तर एका पेटीमागे जाहिरातीचे सुमारे ४९६ रुपये. पेटीमागे तुमचा नफा ४०० असेल तर हा तोटा आहे, पोस्टला कितीही लाइक पडले असले तरी. तो सोसण्यासारखा तेव्हाच, जेव्हा ते पाच जण यादीत शिरतात आणि पुढच्या वर्षी जाहिरातीशिवाय मागवतात.

पोस्टवरचं ‘बूस्ट’ बटण, म्हणजे पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचं, घाईत दाबू नका. जाहिरातीचा उद्देश ‘व्हॉट्सॲप निरोप’ ठेवा. जागा पूर्ण महाराष्ट्र नको. तुमचं पार्सल दोन दिवसांत पोहोचतं ती शहरं निवडा, मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर. आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केलं तर ॲपलचं शुल्क वर लागतं, तेच काम ब्राउझरमधून केलं तर लागत नाही. तुमच्याकडे माणूस नसेल त्या दिवशी जाहिरात बंद ठेवा. रात्री आलेल्या चौकशीला दुसऱ्या दुपारी उत्तर जाणार असेल तर पैसे वाया गेले.

हंगामाप्रमाणे

आंब्याची पहिली खबर जुन्या यादीला फेब्रुवारीत, मोहोराच्या किंवा कैरीच्या फोटोसह. नोंदणी मार्चमध्ये घ्या, पहिली पेटी निघायच्या आधी. उन्हाळी सुट्टीच्या खोल्यांचे भाव मार्चअखेर गूगलवर आणि कॅटलॉगमध्ये सारखे करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि किल्ल्यांच्या बोटीही पावसाळ्यात थांबतात. त्या काळात येणाऱ्याला ताटात आणि फिरण्यात काय मिळेल ते आधी सांगा: शेवळं, टाकळा, कुर्ल्या, आंबोलीचा पाऊस. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की स्टेशनवरून आणायची वेळ बदला आणि झटपट उत्तरातही ती दुरुस्ती करा.

पावसात धंदा बंद ठेवणार असाल तर नोंदीवर ‘तात्पुरतं बंद’ करा, नोंद काढून टाकू नका. काढली तर जुने अभिप्राय परत मिळवणं कठीण जातं. आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधीची तारीख फोनमध्ये घालून ठेवा, नोंद पुन्हा ‘चालू’ करण्यासाठी. दसऱ्यापर्यंत ‘बंद’ दिसत राहिलेली खानावळ चूल पेटलेली असूनही रिकामी असते.